आहेस ना?

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात संडास मागच्या चौकाच्या अगदी टोकाला होते. रात्री तिथं जायचं म्हणजे आधी स्वयंपाकघराची कडी काढायची, तीन पायऱ्या उतरायच्या, हौदाच्या कडेनं वळायचं, मग लाकडं-कोळशाची अंधारी खोली, आणि तिच्याही पलीकडे पत्र्याच्या दारांची ती रांग. सगळ्या चौकात मिळून एकच पिवळा दिवा, आणि तो बदलायचा कोणी यावरून भाडेकरूंचं भांडण, त्यामुळे महिनोन्महिने गेलेला. घरात नियमच होता की पोरांनी रात्री एकट्यानं जायचं नाही. जोडीनं जायचं. एकानं आत, एकानं कंदील धरून बाहेर. आतल्यानं थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, ‘आहेस ना?’ आणि बाहेरच्यानं म्हणायचं, ‘आहे.’

बाहेरच्याच्या हाती त्या चार मिनिटांपुरती केवढी सत्ता येते, हे आम्हा पाच भावंडांत सगळ्यात आधी दादाला कळलं. तो एकदा ‘आहे’ म्हणायचा, दुसऱ्यांदा ‘आहे’ म्हणायचा, आणि तिसऱ्या वेळी गप्प बसायचा. कंदीलही हलू द्यायचा नाही. आतून पुन्हा तोच प्रश्न, आवाज थोडा चढलेला. मग नुसतंच ‘दादा?’ मग घाईघाईनं तांब्या आपटल्याचा आवाज. दादानं कधी ‘भॉक’ केलं नाही, घोंगडी पांघरून कोणापुढे उडी मारली नाही. त्यानं फक्त उत्तर द्यायचं थांबवलं. पुढं आम्ही पाचांनी मिळून भुताखेतांची किती पुस्तकं वाचली आणि किती सिनेमे पाहिले त्याची गणती नाही. पण या युक्तीच्या पुढं फार थोडे लोक गेले, असं माझं आजही मत आहे.

आमचं घर मोठं होतं. आई-बाबा, काका-काकू, न लग्न झालेली आत्या, आजी, आम्ही तीन भावंडं आणि काकांची दोन. एवढ्या माणसांत एकटं म्हणून कोणी नसायचंच. म्हणूनच की काय, घाबरण्याची हौस आम्हाला परवडत होती.

ती हौस आणली काकांनी. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा हा माणूस संध्याकाळी घरी येताना लायब्ररीतून दोन पुस्तकं आणायचा. एक काकूसाठी सामाजिक, आणि एक नारायण धारपांचं. लायब्ररीची पुस्तकं म्हणजे तपकिरी कागदाचं कव्हर, पाठीला जाड दोऱ्याची शिवण, मधल्या पानांना कोणाच्या तरी तेलाचे डाग, आणि समासात कोणा अज्ञात वाचकानं पेन्सिलीनं लिहिलेलं ‘पुढे मरतो’. त्या अज्ञात माणसाइतका राग मी आयुष्यात फार थोड्यांचा केला असेल.

जेवणं आटोपून माडीवर अंथरुणं पडली, की मधली जागा मिळावी म्हणून मारामारी व्हायची, कारण कडेला झोपणाऱ्याची एक बाजू उघडी पडते. मग काका चष्मा पुसून वाचायला लागायचे. त्यांच्या आवाजात नाट्य अजिबात नव्हतं. ताळेबंद वाचावा तसं वाचायचे, सपाट, एका लयीत, विरामचिन्हांना मान देऊन. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की धारप तसेच वाचायला हवेत. धारप शिक्षणानं तंत्रज्ञ. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, आणि भुताच्या गोष्टीतसुद्धा त्यांचा हात प्रयोगवहीत नोंद करणाऱ्याचाच. खोली केवढी, खिडकी कुठल्या भिंतीला, दिवा किती मोठा, नायक पगार किती घेतो, जागा भाड्यानं का घेतली, हे सगळं आधी सरळ सांगून टाकायचं. वाचणाऱ्याला त्या खोलीत नीट बसवायचं. मग सांगायचं की खोलीतल्या एका कोपऱ्यात हवा जरा गार लागते. बस, एवढंच. पान उलटलं तरी पुढं काही होत नाही. पण तोवर माडीच्या आमच्याच कोपऱ्यातली हवा गार लागायला लागलेली असायची.

आणि नेमकं तिथं काका थांबायचे. तांब्यातलं पाणी प्यायचे, सावकाश. खुणेला बसचं तिकीट घालायचे. ‘पुढचं उद्या.’ पुस्तक उशाखाली जायचं, म्हणजे चोरून वाचायचीही सोय नाही. काकू खालून ओरडायची, ‘अहो, पोरं अंथरुणं ओली करतील, मग धुणार कोण?’ काका म्हणायचे, ‘मी फक्त वाचतोय. घाबरतायत ती.’

आजची मुलं एका रात्रीत मालिकेचे आठ भाग संपवतात, तेव्हा मला त्या बसच्या तिकिटाची आठवण येते. आमची भीती हप्त्यानं यायची. मधले चोवीस तास आम्ही ती शाळेत, डब्यात, गणिताच्या तासाला बरोबर बाळगायचो. पुस्तकात नसलेलं अर्धंअधिक आम्हीच त्या चोवीस तासांत रचायचो. दुसऱ्या रात्री धारपांनी केलेला उलगडा आमच्या रचनेपुढं कधी कधी फिका पडायचा. पण ते त्यांच्या पाठीमागं बोललेलं बरं.

आत्याला हे सगळं पोरकट वाटायचं. आत्या बँकेत होती, आणि रत्नाकर मतकरीही तेव्हा बँकेत नोकरी करत होते. तेवढ्या आधारावर ती त्यांना ‘आमच्यातले’ म्हणायची. त्यांचं ‘खेकडा’ हे पुस्तक १९७० साली निघालं तेव्हा मी जन्मून जेमतेम काही महिने झाले होते, पण आत्याच्या प्रतीची पानं माझ्या हाती येईतो निखळायला आली होती. दिवाळीला बोनस झाला की ती ‘नवल’ आणि ‘धनंजय’ घ्यायची. फराळाचा डबा आणि अंक एकाच वेळी लपवायची, कारण दोन्ही एका दिवसात संपत.

मतकरी स्वतःच्या कथांना भयकथा म्हणू देत नसत, गूढकथा म्हणत. आत्या या शब्दावरून काकांशी भांडायची. घरात दोन पक्षच पडले होते. धारपांच्या गोष्टीत संकट बाहेरून येतं. एखाद्या जुन्या वास्तूतून, एखाद्या वस्तूतून, पलीकडच्या कुठल्या तरी जगातून. आणि शेवटी समर्थ येतात, किंवा जयदेव, पंत, कृष्णचंद्र यांच्यातलं कोणी तरी. शांतपणे बसतात, काय झालं ते विचारतात, आणि डॉक्टरनं गळू फोडावं तसं ते संकट निपटतात. मतकरींच्या गोष्टीत बाहेरून काही यावं लागत नाही. चाळीतलं, ब्लॉकमधलं साधं नवरा-बायकोचं घर असतं, लोकलनं कामाला जाणारा माणूस असतो, आणि जे काही वाईट आहे ते त्याच्याच मनात, फार दिवसांपासून, शिजत असतं. सोडवायला कोणी येत नाही. उलट शेवटच्या दोन ओळींत पायाखालची फरशी काढून घेतात आणि गोष्ट संपते.

‘समर्थ येणार हे ठाऊक असेल तर घाबरायचं कशाला?’ आत्या म्हणायची.

‘आणि कोणीच येणार नसेल तर वाचायचं कशाला?’ काका.

या एका प्रश्नोत्तरावर आमच्या घरात दहा वर्षं वाद चालला. जेवताना, कुरडया घालताना, एकदा तर गणपतीच्या आरतीला उशीर होईपर्यंत. लहानपणी मी काकांच्या बाजूची होते. समर्थ येणार म्हणूनच तर पुढचं पान उलटायचं धैर्य व्हायचं. चाळिशीनंतर हळूहळू आत्याकडे सरकले. आता दोन्ही पक्षांतून बाहेर पडले आहे, पण ते वयामुळं असावं.

मतकरींबद्दल एक गोष्ट मात्र आम्हा पोरांना कधीच जमवून घेता आली नाही. आत्यानंच आम्हाला ‘अलबत्या गलबत्या’ दाखवायला नेलं होतं. दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण बघून धाकटी हसून हसून खुर्चीतून घसरली. आणि घरी आल्यावर समजलं की ही चेटकीण लिहिणारा माणूस आणि आत्याच्या कपाटातल्या, आम्हाला हात लावायची बंदी असलेल्या पुस्तकांचा लेखक एकच. धाकटीला ते पटेना. तिनं दोन मतकरी असले पाहिजेत असं ठरवून टाकलं, एक सकाळचा आणि एक रात्रीचा.

आजीला दोघांचंही कौतुक नव्हतं. तिचं माहेर राजापूरकडचं. पुस्तकातली भुतं तिला नापास वाटायची, कारण त्यांना कूळ नव्हतं. तिच्याकडं प्रत्येकाचं कूळ होतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. तो पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. चांगला शिकला-सवरला ब्राह्मण वासना ठेवून गेला की ब्रह्मसमंध, आणि तो सगळ्यात चिवट, ‘कारण त्याला मंत्र आपल्यापेक्षा जास्त येतात’. रानात वाट चुकवून माणसाला रात्रभर त्याच झाडाभोवती फिरवतो तो चकवा. त्याला उपाय एकच, बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण सांगावं त्याच आवाजात ती हे सांगायची. मला आता वाटतं, ती भुतांची यादी नव्हतीच. तिच्या गावात कोण कोण अवेळी गेलं त्याचीच ती नोंद होती. आठ-दहा वर्षांची पोरं आणि बाळंतिणी, दोनच नावं त्यात पुन्हा पुन्हा यायची. आजीच्या स्वतःच्या दोन बहिणी बाळंतपणात गेल्या होत्या. हडळीची गोष्ट सांगताना तिनं ते कधी जोडून सांगितलं नाही, आणि आम्ही कधी जोडलं नाही.

बाहेरचं पुणंही मदतीला होतंच. मुंजाबाचा बोळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शनिवारवाडा चालत दहा मिनिटांवर. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाला गारद्यांनी मारलं, आणि अमावस्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ असं अजून ऐकू येतं, हे पुण्यात जन्मलेल्या मुलाला बाराखडीच्या आधी कळतं. एका अमावस्येला आम्ही पाचजण गच्चीवर रात्री बारापर्यंत जागलो. दोन मांजरांचं भांडण ऐकू आलं आणि कोणाची तरी चालू न होणारी स्कूटर. चुलतभाऊ तरीही शपथेवर सांगायचा की त्यानं ऐकलं. काका म्हणाले, ‘अठरा वर्षांचा होता रे तो पोरगा.’ एवढंच म्हणाले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच आम्हाला भीती न वाटता नुसतं वाईट वाटलं.

सिनेमे आमच्याकडं आधी कानानं आले. रात्री रेडिओवर ‘महल’मधलं ते गाणं लागलं की बाबा, जे एरवी या सगळ्यापासून लांब असायचे, हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. सिनेमा १९४९ चा, कमाल अमरोहींचा. बाबा सांगायचे की गाणं रेकॉर्ड करताना लताबाईंना माइकपासून लांब उभं केलं होतं आणि त्या गात गात हळूहळू जवळ आल्या, म्हणून ते लांबून येतंय असं वाटतं. पहिल्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव कामिनी म्हणून होतं, ते म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. आम्ही डोळे मिटून ऐकायचो. बाई जवळ येतेय, जवळ येतेय, आणि तिचं नावसुद्धा खरं नाही. पुढं टीव्हीवर ‘महल’ पाहिला तेव्हा अशोककुमार, झुंबर, झोपाळा सगळं छान होतं, पण रेडिओवर माझ्या डोळ्यांपुढं यायचा तो वाडा याहून मोठा होता.

टीव्ही शेजारच्या बिऱ्हाडात. ‘बीस साल बाद’, ‘वो कौन थी’, ‘कोहरा’ असे साठीच्या दशकातले काळे-पांढरे सिनेमे तिथं दाटीवाटीनं बसून पाहिले. त्यांची एक गंमत होती. शेवटी भूत नसायचंच. सगळा कोणाचा तरी डाव असायचा, कधी इस्टेटीसाठी, कधी सूडासाठी. ‘बीस साल बाद’ तर शेरलॉक होम्सच्या शिकारी कुत्र्याच्या गोष्टीवरूनच घेतलेला. आई म्हणायची, ‘बघा, भूत-बीत काही नसतं, सगळा पैशाचा खेळ.’ तिच्या दृष्टीनं हे समाधानकारक होतं. आम्हाला मात्र शेवटचा अर्धा तास फसवल्यासारखं वाटायचं. धुकं, पांढरी साडी, कुठून तरी येणारं गाणं, हे सगळं खरं वाटलेलं असताना एकदम फौजदार यायचा. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येही शेवटी मनाचाच खेळ निघाला. पण तिथं राग आला नाही, कारण आशा काळेंची भीती आम्हाला आमची वाटली होती. ती बाई उगाच किंचाळत नव्हती. ती ऐकत होती, आणि आम्हीही तिच्याबरोबर कान देत होतो.

१९८४ ला ‘पुराना मंदिर’ आला. फक्त प्रौढांसाठी. दादाला मिसरूड फुटलं होतं, तेवढ्यावर तो आत गेला. परत आल्यावर चौकातल्या हौदाच्या कठड्यावर बसून त्यानं आम्हाला तो अख्खा सांगितला, दोन संध्याकाळी लावून. सामरी कसा आहे, धड कुठं आणि शिर कुठं, पेटी उघडते तेव्हा काय आवाज होतो. काही वर्षांनी मी तो व्हिडिओवर पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. दादाचा सामरी याहून कितीतरी भयंकर होता. रामसे बंधू दाखवायचे फार. धीर नव्हता त्यांना. एकदा राक्षस मिळाला की तो प्रत्येक खोलीत न्यायचा. पण त्यांच्याबद्दल मला अंतर्यामी माया आहे, आणि तिचं कारण सिनेमात नाही. सात भाऊ, मुंबईत वडिलांचं रेडिओचं दुकान. मग कोणी कॅमेरा धरला, कोणी आवाज सांभाळला, कोणी दिग्दर्शन केलं. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ करायला अख्खं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं. पंगतीला बसणारी माणसंच दिवसा थडगी उकरत होती. म्हणजे भूत हा त्यांचाही एकत्र कुटुंबातलाच उद्योग. फक्त आमच्या काकांनी मिळवले नाहीत ते पैसे त्यांनी त्यात मिळवले.

त्यानंतरचं भराभर झालं. १९८५ ला दूरदर्शनवर विक्रमाच्या पाठीवर वेताळ बसला, आणि आम्ही त्या वयाला थोडे मोठे झालो होतो तरी रविवारी बघायचोच. मग व्हिडिओ. माणशी पाच रुपये वर्गणी, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्यानं, तीन सिनेमे, त्यात तिसरा हटकून ‘एव्हिल डेड’. आत्या तेवढ्यासाठी मुद्दाम जागली आणि रक्ताचा पहिला पाट वाहिल्याबरोबर म्हणाली, ‘हे शी आहे, भीती नाही.’ आणि झोपली. या विषयावरची तेवढीच समीक्षा मला तोंडपाठ आहे.

वाडा गेला १९९१ ला. पडला नाही. बिल्डरला दिला. आम्ही कोथरूडला, काका डोंबिवलीला, आत्यानं कर्वेनगरला स्वतःचा एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. प्रत्येकाच्या घरात आत संडास, पांढऱ्या टाइल्स, बटण दाबलं की लख्ख उजेड. पहिल्या रात्री धाकटी आतून सवयीनं ‘आहेस ना?’ म्हणाली आणि बाहेर कोणी नव्हतं. सगळे टीव्ही बघत होते. ती चिडून बाहेर आली, आणि आम्ही सगळे हसलो.

‘झी हॉरर शो’ १९९३ ला आला, रामसेंचाच. आणि दोन वर्षांनी सोनीवर ‘आहट’. आम्ही आपापल्या घरी पाहायचो आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचो. बरा असायचा, पण भुताला आता जागाच राहिली नव्हती. अडगळीची खोली नाही, माळा नाही, जिना नाही, परसू नाही. पुतण्यांच्या पिढीला ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूनं घाबरवलं, आणि रामदास पाध्यांची ती बाहुली खरोखर वाईट दिसते हे कबूल. पण बाहुली कपाटात कोंडता येते. वाडा कुठं कोंडणार? फ्लॅटमध्ये भीती कशी आणायची, हा प्रश्न राम गोपाल वर्मानं २००३ च्या ‘भूत’मध्ये सोडवला. मुंबईतला उंच टॉवर, लिफ्ट, पार्किंग, एकटी बायको, आणि एकही गाणं नाही. आत्या फोनवर म्हणाली, ‘बघ, मतकरी हेच सांगत होते, चाळीस वर्षं.’

एक धक्का मात्र पुस्तकांनीच दिला. धाकटा चुलतभाऊ न्यू जर्सीला गेला. तिथल्या लायब्ररीत त्याला स्टीफन किंग सापडला. ‘सेलम्स लॉट’ अर्ध्यावर आलं आणि त्यानं तिथल्या मध्यरात्री दादाला फोन लावला. ‘दादा, ही लुचाई आहे!’ महिन्याभरानं पुन्हा फोन. ‘इट’ म्हणजे ‘शपथ’. त्याचा आवाज वडिलांच्या कपाटात दुसऱ्या बाईची पत्रं सापडावीत तसा झाला होता. काका तेव्हा हयात होते. त्यांना हे सांगावं की नाही यावर आम्ही दोन दिवस विचार केला. शेवटी दादानं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘किंगला लोडशेडिंग माहीत होतं का?’

उचललेलं होतं ते उचललेलं होतं. त्यावर पांघरूण घालावं असं मला वाटत नाही. लहानपणी ते आम्हाला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नंतर मूळ पुस्तकं वाचली तेव्हा ध्यानात आलं, की कथानकं तिथली, तरी मला ज्याची भीती वाटली होती ते तिथं नव्हतं. देवघरातली मंद होत जाणारी समई, वळचणीला लावलेली खुंटी, रात्री अकराला एस.टी.तून उतरलेला आणि फाट्यावर एकटाच राहिलेला माणूस. ते धारपांचं होतं. आणि काकांचा सपाट आवाज तर कुठल्याच पुस्तकात नाही.

२०१८ ला ‘तुंबाड’ आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून एक गोष्ट ऐकली होती, आणि ती होती धारपांची ‘आजी’. म्हणजे तिथंही रात्र, रान आणि सांगणारा माणूस. (ती आजीही किंगच्या एका आजीचीच मराठी बहीण, हे आमच्या न्यू जर्सीकरानं लगोलग कळवलं. त्याला आता सवय झाली आहे.) सिनेमा करायला त्यांना वर्षानुवर्षं लागली. खरा पाऊस हवा म्हणून अनेक पावसाळे चित्रण चाललं. तो पाऊस पडद्यावर दिसतो म्हणण्यापेक्षा अंगाला लागतो. साखळदंडातली ती म्हातारी, तिला वेळेवर भरवायचं, झोपवायचं, आणि नाव घेतलं की झोपते ते नाव. भीती म्हणजे घरकामाचाच एक भाग. जेवण, झाकपाक, कडी-कुलूप, आणि ही. आम्हाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. वाडा सासवडचा आहे असं कळल्यावर आम्ही चौघं गाडी काढून तो बघायला गेलो. पुरंदऱ्यांचा तो वाडा उन्हात भलताच साधा दिसत होता. दादा मागच्या बाजूला जाऊन काही तरी शोधत होता. काय शोधत होता ते मी विचारलं नाही. सप्टेंबर २०२४ ला सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. आमच्या पुढच्या रांगेत वीस-बावीस वर्षांची पोरं होती, आणि मध्यंतरापर्यंत त्यांच्यातल्या एकाचाही मोबाइल उजळला नाही.

काका तोवर नव्हते. धारपही २००८ लाच गेले होते. मतकरी गेले मे २०२० ला, कोरोनानं. सगळं बंद होतं. आत्या कर्वेनगरला एकटी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सोसायटीच्या गेटला दोरी बांधलेली. बातमी कळल्यावर मी तिला फोन केला तर ती म्हणाली, ‘आपल्यातला गेला गं.’ आणि मग, ‘रात्री दहाला सगळ्यांना फोनवर घे. मी वाचणार आहे.’

दादानं जुळवून दिलं. तो पुण्यात, मी पुण्यातच पण नदीच्या अलीकडे, धाकटी नाशिकला, चुलतबहीण डोंबिवलीला, चुलतभाऊ न्यू जर्सीला, त्याच्याकडं भर दुपार. मी आमच्याकडचे दिवे घालवले. इतरांनीही घालवले असावेत, कारण कोणी बोललं नाही. आत्यानं त्या सुट्या झालेल्या पानांतली एक गोष्ट काढली होती. तिचा आवाज म्हातारा झाला होता, जरा कापत होता. पण ती सपाट वाचत होती, एका लयीत, विरामचिन्हांना मान देऊन. अगदी काकांसारखी. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

गोष्टीतला माणूस जिना चढून वर आला. दाराशी थांबला. दार लोटलेलं होतं. आत कोणी तरी त्याच्याच आवाजात बोलत होतं. त्यानं दाराला हात लावला.

आणि आत्या थांबली.

पाणी पीत असेल असं वाटलं. भांड्याचा आवाज आला नाही. पंख्याची घरघर येत होती, तिच्याकडची की कोणाकडची कळेना. न्यू जर्सीला लांब कुठं तरी एक कुत्रं भुंकलं. अर्धं मिनिट गेलं असेल. एक मिनिट गेलं असेल. कोणीच बोलेना. मी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

शेवटी दादा बोलला. बावन्न वर्षांचा माणूस, आवाज थोडा चढलेला.

‘आत्या, आहेस ना?’

तिनं अगदी सावकाश वेळ घेतला.

‘आहे,’ आत्या म्हणाली. ‘पुढचं उद्या.’